प्लॅजिअरिस्ट कोण? टक्केवारीत न सापडणारा माणूस



पीएच.डी. करणारे दोघे भेटले की एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "तुझं प्लॅजिअरिझम किती आलं?" उत्तर येतं: "बावीस होतं, काढून काढून नऊवर आणलं." जणू ताप मोजला आणि गोळी घेतली! संशोधनाकडे वळण्याआधी हा शब्द नीट समजून घ्या, कारण आपल्या या बोलण्यातून एक माणूसच गायब झाला आहे. तो म्हणजे प्लॅजिअरिस्ट.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'प्लाजिआरियस'मध्ये आहे. रोमन कायद्यात प्लाजिआरियस म्हणजे स्वतंत्र माणसाला पळवून गुलाम करणारा किंवा दुसऱ्याचा गुलाम पळवणारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मार्शल या कवीने हा शब्द साहित्यात आणला. त्याच्या कविता दुसराच कोणी स्वतःच्या म्हणून वाचून दाखवत होता. मार्शलने आपल्या कवितांना मुक्त केलेल्या गुलामांची उपमा दिली आणि त्यांच्यावर मालकी सांगणाऱ्याला प्लाजिआरियस ठरवलं. इंग्रजीत बेन जॉन्सनच्या १६०१ च्या 'पोएटॅस्टर' नाटकात दुसऱ्याची रचना आपली म्हणून सांगणाऱ्यासाठी 'प्लॅजिअरी' हा शब्द आलेला दिसतो.

म्हणजे हा शब्द आधी माणसासाठी होता आणि त्या माणसाचा गुन्हा होता खोटी मालकी सांगण्याचा. किती ओळी जुळल्या, हा प्रश्नच नव्हता.

मराठीत आपण 'वाङ्मयचौर्य' म्हणतो. शब्द छान आहे, पण माझ्या मते दोन ठिकाणी फसवतो. 'वाङ्मय' म्हटल्यामुळे वाटतं की हे कथा-कवितांपुरतं आहे. 'चौर्य' म्हटल्यामुळे वाटतं की वाक्यं उचलली तरच गुन्हा. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांतली व्याख्या मात्र दुसऱ्याचं काम *किंवा कल्पना* स्वतःची म्हणून सांगण्याबद्दल आहे. 'किंवा कल्पना' हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा.

त्याच विनियमांत साम्याच्या पातळ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध ठरावीक मुदतीत दुरुस्त करून द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. इथेच गोची होते. सॉफ्टवेअर मोजतं ते साम्य. आपण मात्र त्या आकड्यालाच प्लॅजिअरिझम म्हणू लागलो, आणि १० च्या आत आलो की प्रामाणिक ठरलो!

माझाच अनुभव सांगतो. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं माझं पहिलं प्रकरण तपासलं, तेव्हा साम्य होतं ४ टक्के. मी खूश. मॅडमनी दोन पानं वाचली आणि शांतपणे विचारलं, "ही मांडणी कुणाची?" मी एका जुन्या प्रबंधातला मुद्द्यांचा क्रम जसाच्या तसा घेतला होता, वाक्यं तेवढी माझी होती. त्यातले संदर्भही तिथूनच उचलले होते, मूळ लेख न वाचता. त्या प्रबंधाचं नाव कुठेच नव्हतं. मशीनला काही सापडलं नाही, पण त्या दिवशी प्लॅजिअरिस्ट मीच होतो. ते प्रकरण पुन्हा लिहायला तीन महिने गेले.

हे काही पाश्चात्त्यांचं नवं खूळ नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण यांचा वेगवेगळा विचार केला आहे. अर्थ सगळा दुसऱ्याचा, फक्त वाक्यरचना बदललेली, अशा प्रकाराला तो 'प्रतिबिंबकल्प' म्हणतो आणि ते टाळावं असं सांगतो. आज "प्लॅजिअरिझम काढून मिळेल" अशा जाहिराती करणारे पैसे घेऊन नेमकं हेच करून देतात: शब्द बदलतात, अर्थ तोच ठेवतात. आकडा उतरतो, खोटी मालकी मात्र तशीच राहते.

उलटही लक्षात घ्या. अवतरणचिन्हांत, नाव देऊन घेतलेला उतारा साम्य दाखवेल, पण तो लिहिणारा प्लॅजिअरिस्ट नाही. त्याने मालक कोण ते सांगितलंय. म्हणून आकडा जास्त आलेल्या मित्राला लगेच चोर म्हणू नका, आधी अहवाल उघडून काय जुळलंय ते बघा.

रिपोर्ट काढण्याआधी प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारा: हा विचार मला कुठून मिळाला, आणि ते मी इथे सांगितलंय का? उत्तर 'हो' असेल तर निवांत झोपा. 'नाही' असेल, तर रिपोर्टवर शून्य टक्के आले तरी ते पान पुन्हा लिहायला घ्या.