उच्चार आधी, अक्षर मागून?

‘मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते’ असे आपण वर्गात सांगतो. विधान सोयीचे आहे, पण ते कितपत खरे हे फळ्यावर पडताळून पाहता येते. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिताना दोन्ही एकच, बोलताना मात्र ‘ज’ निराळा. आता ‘दिन’ आणि ‘दीन’ घ्या. इथे उलट घडते. अक्षरे वेगळी, पण बहुतेकांच्या तोंडी उच्चार सारखाच.

झाक देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञांनी असाच एक शब्द मुद्दाम घडवला. फरक या अर्थाच्या ‘दिफेराँस’ या फ्रेंच शब्दातील सातवे अक्षर, रोमन ‘ई’, काढून त्यांनी तिथे ‘ए’ घातला. उच्चार बदलला नाही. बदल फक्त वाचणाऱ्याला दिसतो. लेखन ही बोलण्याची नुसती नक्कल असती, तर असा शब्द संभवलाच नसता.

लेखनाला दुय्यम मानण्याच्या जुन्या सवयीची त्यांनी १९६७ च्या ‘द ला ग्रामातोलोजी’ या ग्रंथात उलटतपासणी केली. (गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचे इंग्रजी भाषांतर १९७६ मध्ये निघाले.) मुख्य साक्षीदार आहेत भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर. सोस्यूर यांच्या मते भाषाशास्त्राचा विषय बोललेला शब्द. लिपी त्याचे केवळ चित्र. एक फ्रेंच आडनाव जुन्या स्पेलिंगमुळे चुकीचे वाचले गेले आणि पुढे तसेच उच्चारले जाऊ लागले. असल्या प्रकारांना ते विकृती समजतात. पण भाषेत अर्थ फरकांमुळे टिकतो हे समजावायची वेळ आली, की उदाहरण कशाचे घेतात? लिपीचेच! एखादे अक्षर कोणी कसेही वळवून काढो, ते शेजारच्या अक्षराशी मिसळले नाही म्हणजे झाले. आपल्या वर्गातील चाळीस मुलांचे चाळीस ‘म’ असतात. त्यांचा ‘भ’ झाला नाही तोवर काम भागते. दाराबाहेर घालवलेले लेखन असे खिडकीतून आत येते, हे देरिदा दाखवतात. यालाच ‘विरचना’ म्हणतात. कोणत्याही वाक्याचा कोणताही अर्थ काढणे म्हणजे विरचना, हा समज चुकीचा आहे. हे वाचन फार काटेकोर असते. (सोस्यूर १९१३ मध्ये वारले आणि त्यांची व्याख्याने १९१६ मध्ये छापली गेली ती मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या आधारे, हीही एक गंमतच.)

आमचा आक्षेप पुढच्या पावलाला आहे. ज्या फरकांवर लिपी चालते त्यांवरच बोलणेही चालते, म्हणून देरिदा त्या साऱ्यालाच एक प्रकारचे ‘लेखन’ म्हणतात. लिपी बोलण्याआधी जन्मली असे त्यांना म्हणायचे नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, बोलणे त्याहून कितीतरी जुने. पण शब्द एवढा ताणला की शाई-कागदाचे साधे लेखन नजरेआड होते, आणि शिक्षकाची अडचण नेमकी तिथेच असते. त्यांची शैलीही वाचकावर दया करणारी नाही.

तरीही त्यांचा मूळ मुद्दा आम्हाला पटतो, कारण तो शुद्धलेखनाच्या वहीत रोज दिसतो. ‘नीट ऐक, म्हणजे नीट लिहिशील’ असे म्हणून आपण ‘दीन’साठी ‘दिन’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापतो. त्याने नीटच ऐकलेले असते! तो फरक आवाजात नाही. तो वाचून, शब्दाच्या ओळखीने आणि वाक्याच्या आधारानेच कळतो. उलट ‘नांव’वरचा अनुस्वार उच्चारात नाही म्हणून १९६२ च्या नियमांनी वगळला, आणि माणसाचे नाव व नदीतली नाव लेखनात एक झाली. मुले त्यात गोंधळत नाहीत. शेजारचे शब्द त्यांना सांभाळून घेतात. श्रुतलेखन घेताना सुटा शब्द न सांगता पूर्ण वाक्य सांगावे, ते यासाठी.