शिकायचं कोणी? परग्रहवासी सिनेमाची दहा वर्षं

'परग्रहवासी' हा शब्द आपण वर्षातून एखाद्या वेळी वापरत असू. त्याचे भाऊबंद मात्र रोज तोंडात असतात: पाहुणा, परका, उपरा, बाहेरचा. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, या आपल्या उपनगरांत तर फारच. इथलं जवळजवळ प्रत्येक घर कधी ना कधी बाहेरून आलेलं आहे. कोणी कोकणातून, कोणी घाटावरून, कोणी कच्छमधून, कोणी उत्तरेतून. मागून आलेल्याला बाहेरचा म्हणायचं, एवढंच.

माझ्या मते परग्रहवासी सिनेमा याच शब्दांबद्दल असतो. २००९ ते २०१८ ही दहा वर्षं मी घेतली आहेत आणि प्रश्न एकच ठेवला आहे. दोन अनोळखी समोरासमोर आले, तर कोणी कोणाची भाषा शिकायची?

त्याआधी हा प्रश्न फारसा पडत नव्हता. 'इंडिपेन्डन्स डे'मध्ये, १९९६ साली, ते आले ते शहरं जाळायलाच. तिथे बोलणार काय? आपल्याकडे २००३ मध्ये 'कोई... मिल गया'चा जादू आला. तो गोड पाहुणा. त्याला ऊन हवं आणि जाताना रोहितला शक्ती देऊन जायचं. म्हणजे एक तर लुटारू, नाही तर आहेर आणणारा मामा. आपल्या नारळीकर सरांच्या कथासंग्रहाचं नावही 'यक्षांची देणगी' आहे बघा. वरून येणाऱ्याने काहीतरी द्यावं, ही अपेक्षा जुनीच.

२००९ मध्ये नील ब्लोमकँपचा 'डिस्ट्रिक्ट नाइन' आला आणि हे गणित मोडलं. यान जोहान्सबर्गवर येऊन अडकलंय. आतले जीव उपाशी, आजारी. त्यांना खाली आणून झोपडपट्टीत ठेवतात. लोक त्यांना 'प्रॉन' म्हणतात, म्हणजे कोळंबी. वीसहून अधिक वर्षांनी त्यांना तिथून हलवायचं ठरतं आणि विकस नावाचा कारकुनी वळणाचा माणूस नोटिसा घेऊन दारोदार फिरतो. एक जण चिडून कागदावर फटका मारतो. विकस म्हणतो, चालेल, ही सहीच धरू.

परदेशी समीक्षकांनी इथे वर्णभेद पाहिला, आणि तो आहेच. केपटाउनच्या 'डिस्ट्रिक्ट सिक्स'मधून साठ हजारांवर माणसं हलवली होती, शीर्षकातच त्याची आठवण आहे. पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. १९९७च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आपल्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्या पाडल्या गेल्या आणि पुनर्वसन चांदिवलीला झालं. कोण पात्र, कोण अपात्र, कुठल्या सालचा पुरावा, हे शब्द इथे शाळकरी पोरालाही कळतात. त्यामुळे विकसच्या हातातला तो कागद आपल्याला विज्ञानकथा वाटतच नाही.

आता एक बारीक गोष्ट बघा. या सिनेमात भाषेची अडचण अजिबात नाही. विकसला त्यांचं बोलणं कळतं, त्यांना इंग्रजी कळतं. ख्रिस्तोफर नावाचा त्यांच्यातला एक जण नोटीस वाचून कायद्यावर बोटही ठेवतो. उत्तर काय? तुझं पोर काढून घेऊ. म्हणजे कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मात्र हाच सिनेमा नायजेरियन माणसांना सरसकट गुंड करून टाकतो. नायजेरिया सरकारने तो थिएटरांतून उतरवायला सांगितलं होतं. एका उपऱ्यासाठी रडताना दुसरा उपरा तयार केला. हा डाग पुसता येत नाही.

पाच वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, राजकुमार हिराणींचा 'पीके'. आपण तो देव-धर्मावरचा सिनेमा म्हणून पाहिला. मी भाषेकडे बघतो. त्याच्या ग्रहावर बोलीच नाही. इथे तो लोकांचे हात धरायला जातो आणि मार खातो. शेवटी वेश्यावस्तीत एका बाईचा हात सहा तास धरून भोजपुरी शिकतो. कल्पना छान आहे. पण दोन गोष्टी खटकतात. जिच्याकडून अख्खी भाषा घेतली, तिच्याकडे सिनेमा पुन्हा नीट वळूनही बघत नाही. आणि शिकण्याचं काम सगळं आलेल्यानेच करायचं. त्याच्या ग्रहाबद्दल त्याला खोदून कोणी विचारत नाही. वर त्याची भोजपुरी हशा पिकवायला आहेच. जी बोली आपण रिक्षात रोज ऐकतो, ती पडद्यावर आली की आपण आधी हसतो. का हसतो, हे एकदा स्वतःला विचारा.

मग २०१६ मध्ये डेनी व्हिलेनव्हचा 'अरायव्हल', टेड च्यांग यांच्या कथेवरचा. बारा यानं उतरतात आणि सैन्य एका भाषाशास्त्रज्ञ बाईला बोलावतं. लुईस तिचं नाव. ती फळ्यावर एक शब्द लिहिते, संरक्षक पोशाख उतरवते, स्वतःकडे बोट दाखवते. पुन्हा दाखवते. त्यांचीही लिपी शिकते. इथे प्रथमच यजमानाने घाम गाळला. त्यात एक गंमत आहे. युद्धाला संस्कृत शब्द 'गविष्टि', त्याचा अर्थ काय, असा प्रश्न येतो. दुसरा विद्वान म्हणतो, वाद. लुईस म्हणते, अधिक गाईंची इच्छा. शब्दाच्या पोटात शिरल्याशिवाय समोरच्याला काय हवंय ते कळत नाही. शेवटी मात्र हा सिनेमाही घसरतो. भाषा शिकली म्हणून भविष्य दिसायला लागतं. आला का परत मामाचा आहेर!

प्रवास सरळ पुढे गेला असंही नाही. २०१८च्या 'अ क्वाएट प्लेस'मध्ये परग्रहवासी पुन्हा नुसता राक्षस झाला. आवाज झाला की मारतो. पण ते कुटुंब तगतं कशावर? खुणांच्या भाषेवर. घरातल्या मुलीला ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांना ती येत होती. तिच्यासाठी शिकलेली भाषा सगळ्यांच्या कामी आली.

आता आपल्याकडे येतो. मुंबईत राहणाऱ्याने मराठी शिकावी, हा माझा आग्रह आहे, त्यात मी तडजोड करणार नाही. पण रिक्षात बसल्या बसल्या हिंदी कोण सुरू करतं? भाजीवाल्याशी, वॉचमनशी? आपणच. मग त्याने शिकायची कुठून, हात धरून? लुईसने काय वेगळं केलं? स्वतःची भाषा समोरच्यापुढे धरली आणि कंटाळली नाही. चुकलेलं मराठी ऐकून न हसणं, तेच वाक्य दुसऱ्यांदा सावकाश म्हणणं, हे यजमानाचं काम आहे. दटावून सही मिळते. तशी विकसलाही मिळाली होती, कागदावरच्या फटक्याची. भाषा मात्र तशी मिळत नाही.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.