लाकडी बैलापासून बाहुलीघरापर्यंत

भिलाईतल्या मराठी घरांनी काय काय जपलं हे सांगायची वेळ आली की गणेशोत्सव, हळदीकुंकू, नाटक ही नावं आधी येतात. लाकडाच्या खेळण्यांचं नाव सहसा निघत नाही. ते निघावं, आणि या स्मरणिकेत मानाने निघावं, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचं मूळ विदर्भातलं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर 1854 पर्यंत होता, त्यामुळे या मुलखात मराठी कानावर पडणं नवं नव्हतंच. पण इथल्या टाउनशिपमधली आपली घरं वसली ती पोलाद कारखान्यामुळे. सोव्हिएत संघाशी करार झाला 1955 साली, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. नोकरीसाठी आलेल्या माणसांच्या ट्रंकेत संसाराच्या भांड्यांबरोबर मुलांचा लाकडी बैलही आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भातली मुलं चाकांवरचा लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. जातीचा बैल सागवानी असतो. शिंगं वेगळी घडवून बसवलेली, वशिंड एका लाकडातून काढलेलं, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. पिढी बदलली की रंगाचा नवा हात बसतो, पण बैल तोच राहतो. छत्तीसगडी शेजाऱ्यांचा पोरा हा सणही पोळ्याच्याच अमावास्येचा. त्यांच्याकडे मुलांना मातीचा नांदिया बैल आणि मुलींना मातीचा जांता म्हणजे जातं, चूल आणि पोरा याच नावाचं भांडं. आपल्या मुलींनी ही मातीची भांडी केव्हाच आपल्या भातुकलीत सामावून घेतली. एकाच ओट्यावर सावंतवाडीची रंगीत लाकडी भातुकली आणि दुर्गच्या बाजारातला मातीचा जांता शेजारी शेजारी मांडलेला मी पाहिला आहे. दोन प्रांतांचा संसार इतका सुखात दुसरीकडे क्वचितच नांदला असेल.

सावंतवाडीच्या चितारआळीत ही भातुकली घडते. तिथले कारागीर पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड वापरतात, कारण लहान हातांना ते पेलतं. पुण्यात विलास करंदीकरांनी भातुकलीचा मोठा संग्रह जमवला आणि गावोगावी प्रदर्शनं भरवली, तेव्हा आजीच्या वयाच्या बायका त्या इवल्याशा भांड्यांपुढे रेंगाळत. आपल्याकडे संसार लहान करून मांडायची कला अशी जुनी आहे. भांडी होती, बाहुल्या होत्या, त्यांची लग्नं होती. राहायचं घर मात्र खडूच्या रेघांनी आखलेलं असायचं.

ते घर आता लाकडात उभं राहू लागलं आहे, आणि त्याचं साहित्य कापून, नंबर घालून, खोक्यात भरून मिळतं. परदेशात बाहुलीघरांची परंपरा मोठी. बव्हेरियाच्या ड्यूकने 1558 साली असं घर करवून घेतलं होतं, तेही खेळायला नव्हे, दाखवायला. इंग्लंडच्या क्वीन मेरीसाठी 1921 ते 1924 या काळात जे बाहुलीघर झालं, त्याची रचना एडविन ल्युटेन्सने केली. नवी दिल्लीचं काम त्याच्याच हाती होतं, त्याच वर्षांत. त्या घराच्या नळाला पाणी येतं, दिवे लागतात, आणि सगळं एकास बारा या मापात आहे.

हे माप नवशिक्याने आधी पक्कं करावं. एकास बारा म्हणजे एका फुटाचा एक इंच. साडेसहा फुटी दार साडेसहा इंचांचं होतं, दीड फुटी पाट दीड इंचाचा. मनाला हिशेब सोपा, पण दुमजली घर अडीच फुटांवर जातं आणि क्वार्टरात ते ठेवायचं कुठे हा प्रश्न येतो. एकास चोवीसचं घर फडताळात मावतं, मात्र त्यातलं सामान चिमट्यानेच धरावं लागतं. पहिल्या खेपेला मूल दहाच्या आतलं असेल तर मोठं मापच बरं.

खोकं उघडल्यावर तुकडे लगेच सुटे करू नयेत. कागदावरच्या यादीशी ते ताडून पाहावेत आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने नंबर घालावा. पातळ प्लायवूड लेझरने कापलेलं असलं की कडा काळ्या पडतात. त्या जळक्या कडेवर गोंद नीट धरत नाही, म्हणून बारीक पॉलिशपेपरचा हलका हात फिरवावा. हलकाच, कारण एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसायची असते आणि जास्त घासलं की ती खिळखिळी होते.

पुढचं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. सगळं घर एकदा गोंद न लावता उभं करावं. भिंतींना कागदी टेप लावून धरावं, मजला बसवावा, छप्पर टेकवून पाहावं. कुठली भिंत आधी आणि कुठली नंतर हे त्यातून डोक्यात बसतं. इथे आपल्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटर आजोबांची खरी गंमत. एका घरी मी पाहिलं, आजोबांनी गुण्या लावून कोपरा तपासला, मग नातीला पट्टी देऊन म्हणाले, "आता दोन्ही कर्ण मोज गं. सारखे आले तरच घर सरळ." फरक दिसताच नातीने आपणहून भिंत सरकवली आणि पुन्हा मोजलं. ज्या हातांनी रेल्वेच्या रुळांची मापं सांभाळली, ते हात बोटभर खिडकीलाही तितकाच मान देतात.

रंग आणि भिंतीचा कागद जोडणीच्या आधीच लावावा, कारण घर उभं झाल्यावर कोपऱ्यात ब्रश पोहोचत नाही. फळी एकाच बाजूने रंगवली तर ती वाकते, म्हणून दोन्ही बाजूंना हात द्यावा. जिथे जोड येणार ती जागा मात्र कोरी ठेवावी, रंगावर गोंद टिकत नाही. दिवे घालायचे असतील तर तार कागदाच्या खालून आधीच न्यावी.

गोंदासाठी फेव्हिकॉल पुरे. तोही 1959 चाच, आपल्या पहिल्या झोतभट्टीच्या वयाचा. त्याआधी सुतार सरस वितळवून वापरत, त्याच्या वासाची आठवण जुन्या लोकांना असेल. फेव्हिकॉल काडीच्या टोकावर येईल एवढाच घ्यावा. त्यात पाणी असतं, जास्त झाला की पातळ प्लाय फुगतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तो भिंत सरळ करायलाही वेळ देत नाही, आणि पावसाळ्यात फळ्या आपसूक वळतात. भिलाईत या कामाला दिवाळीनंतरचे महिने उत्तम.

घर उभं राहिलं की त्याला मराठी करायचं काम मुलांवर सोडावं. खोक्यात सोफा येतो, फायरप्लेस येते. आपल्या मुलींनी फायरप्लेसच्या जागी देवघर बसवलं आहे, आइस्क्रीमच्या काडीचे पाट केले आहेत, जुन्या माळेच्या साखळीवर झोपाळा टांगला आहे. एका घराच्या पुढ्यात काड्यापेटीएवढं तुळशीवृंदावन आहे, आणि त्याच्या कोनाड्यात मोहरीएवढी पणती. हे कुठल्याही सूचनापत्रकात नसतं. दुर्गचा मातीचा जांता या मापात बसत नाही, म्हणून एका मुलीने चिकणमातीचं सव्वा इंचाचं जातं स्वतः वळलं, वर काडीचा खुंटा बसवला, आणि ते स्वयंपाकघरात न ठेवता माजघरात ठेवलं. आजीच्या गावच्या घरी ते तिथेच होतं म्हणून.

नाताळच्या सुट्टीत आपल्या मंडळाने बाहुलीघर जोडण्याचा वर्ग घ्यावा, असं मी सुचवतो. तीन मुलांत एक घर, आणि प्रत्येक घरामागे एक आजोबा किंवा आजी. गुण्या, पट्ट्या आणि टेप मंडळाने पुरवावेत. वर्गाला निदान चार दिवस द्यावेत, कारण एक दिवस नुसता बिनगोंदाच्या जोडणीलाच लागतो, आणि ब्लेड मोठ्यांच्याच हाती असावं.