काळोखाविना शोक

फ्लॉरेन्समधला पोन्ते वेक्किओ हा जुना पूल ओलांडला की सांता फेलिचिता हे चर्च लागतं. आत शिरताच उजव्या हाताला कप्पोनी घराण्याचं छोटं चॅपेल आहे. त्याच्या वेदीवर याकोपो पोंतोर्मोनं १५२५ ते १५२८ या काळात रंगवलेलं, तीन मीटरहून उंच चित्र आहे: क्रूसावरून उतरवलेला ख्रिस्त. विषय मृत्यूचा, आणि डोळ्यांत भरतात ते फिकट गुलाबी, आकाशी, पोपटी रंग.

चित्रात क्रूस नाही, शिडी नाही, थडगंही नाही. वर डाव्या कोपऱ्यात एकच ढग, खाली जमिनीचा जेमतेम तुकडा. बाकी सगळी चौकट माणसांनी आणि वस्त्रांनी भरलेली. लिओनार्दोनं सावलीच्या जोरावर आकृतींना गोलाई आणि वजन दिलं होतं. पोंतोर्मो तो आधारच काढून घेतो. इथे उजेड, मधली छटा आणि अंधार वेगळे ओळखणंच अवघड, असं कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वझारीनं नोंदवलं आहे. त्याच्या शब्दांत थोडी तक्रार आहे. मला मात्र या चित्राचं मर्म तिथेच सापडतं.

सावली नाही, मग वस्त्रांना घड्या कशा पडतात? घडीच्या खोलगट भागात तोच रंग काळवंडवण्याऐवजी पोंतोर्मो अनेकदा सरळ दुसऱ्या रंगाकडे वळतो. धूपछाव रेशमासारखं वस्त्र वळता वळता रंग बदलतं. ही युक्ती त्याच्या आधीची. मायकेलअँजेलोनं सिस्टीन चॅपेलच्या छतावर ती मुक्तपणे वापरली होती. पण तिथल्या आकृती खालून, दुरून ओळखू याव्यात म्हणून ती उपयोगी होती. इथे प्रेक्षक जवळ उभा असतो, आणि याच रंगबदलामुळे त्याला आकृतींचं वजन जाणवेनासं होतं.

पुढच्या बाजूला उकिडवा बसलेला तरुण पाहा. ख्रिस्ताचा भार त्याच्या खांद्यावर आणि तो चवड्यांवर तोललेला. त्याच्या अंगाला चिकटलेल्या गुलाबी रंगात कपडा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, ते कळत नाही. त्याच्या खांद्यावरचा देह मात्र राखाडी, हिरवट झाक असलेला. जिवंत माणसांवर रंगांची उधळण झाली आहे आणि ज्याच्यासाठी ती जमली आहेत, त्याच्या अंगातला रंग ओसरला आहे. मृत्यू सांगायला पोंतोर्मोला रक्ताची गरज पडत नाही.

मेरीचा निळा हा परंपरेनं ठरलेला रंग. इथे तो मोठ्या, फिकट पसाऱ्यासारखा उजवीकडे पसरतो आणि मागे कलतो. त्या निळ्यापासून मुलाचा देह दूर चालला आहे. मधे उरतात हात, कुणाचे कुणाचे ते पटकन न उमगणारे.

चॅपेलची खिडकी उजवीकडे आहे आणि चित्रातला उजेडही उजवीकडूनच येतो. त्या अंधुक जागेत गडद रंग बुडाले असते. हे फिकट रंग तरून राहतात. म्हणून छापील प्रतीत भडक वाटणारा गुलाबी तिथे भडक वाटत नाही.

करुणरसाला काळोख लागतोच, हा समज इतक्या ठामपणे खोडून काढणारी चित्रं फार थोडी आहेत. फ्लॉरेन्सला गेलात तर उफ्फीझी संग्रहालयाच्या रांगेत उभं राहण्याआधी नदीपलीकडे जाऊन हे चित्र बघून या.