कळफलकावरची आगगाडी

आगगाडीला सुकाणू नसते. मोटार, विमान, जहाज यांपैकी कशाचेही सोंग संगणकावर आणायचे म्हटले की दिशा वळवण्याची सोय करावी लागते आणि तिथेच साधा कळफलक तोकडा पडतो. आगगाडीची दिशा रूळ ठरवतात. चालवणाऱ्याच्या हाती उरते ते एवढेच : किती जोर लावायचा आणि किती ब्रेक लावायचा. भौतिकीच्या भाषेत ही एकमितीय गती, म्हणजे नववीच्या 'गतीचे नियम' या पाठात आपण फळ्यावर जी रेघ काढतो तीच. म्हणूनच आगगाडी चालवण्याचे संगणकीय खेळ शाळेत वापरावेत, अशी सूचना काही शिक्षक अधूनमधून करतात. सूचना चांगली आहे. पण या खेळांत कळा गाडीला कशा जोडल्या आहेत, हे पारखून घेतल्याशिवाय ते वर्गात आणू नयेत, असे माझे मत आहे.

या खेळांचे दोन वंश सांगता येतील. जपानमधील टाइटो कंपनीने १९९६ साली 'देन्शा दे गो' हा खेळ आणला. तो खेळघरातील यंत्रावर, खऱ्यासारख्या दोन दांड्या हाताने ओढून खेळायचा. एक दांडी शक्तीची, दुसरी ब्रेकची. दुसरा वंश घरच्या संगणकाचा. २००१ साली मायक्रोसॉफ्टने 'ट्रेन सिम्युलेटर' काढला. त्यात अमेरिकेतील मारायस खिंडीपासून जपानच्या हिसात्सु मार्गापर्यंत सहा मार्ग होते, आणि सगळा कारभार कळफलकावर. आज 'ओपन रेल्स' ही मुक्त आज्ञावली त्याच खेळाचे मार्ग आणि गाड्या चालवते. ती फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते, म्हणून शाळांच्या दृष्टीने मी मुख्यतः तिचाच विचार केला आहे. डव्हटेल कंपनीचे विकतचे खेळ दिसायला अधिक देखणे आहेत, पण त्यांना यंत्रही तितकेच तगडे लागते.

आता कळा पाहू. ओपन रेल्समध्ये डाव्या हाताशी 'डी' दाबली की शक्ती वाढते, 'ए' दाबली की कमी होते. 'डब्ल्यू' आणि 'एस' या कळा रिव्हर्सरच्या, म्हणजे इंजिन पुढे न्यायचे की मागे हे ठरवणाऱ्या. उजव्या हाताशी अर्धविरामाची कळ गाडीचा ब्रेक सैल करते, तिच्या शेजारची अपॉस्ट्रफीची कळ तो लावते. (इनस्क्रिप्टमध्ये मराठी टंकलेखन करणाऱ्यांना या कळा 'च' आणि 'ट' म्हणून ओळखीच्या असतील.) चौकटी कंसांच्या दोन कळा केवळ इंजिनाच्या ब्रेकच्या. या रचनेत एक सुसंगती आहे : दोन्ही हातांना उजवीकडची कळ म्हणजे 'अधिक'. डव्हटेलच्या खेळांत ब्रेकच्या कळा याच आहेत, पण शक्तीच्या कळा उलट्या, 'ए' ने वाढते आणि 'डी' ने घटते. एका खेळाची सवय झालेला मुलगा दुसरा खेळायला बसला की स्थानकात शिरताना जोर कमी करायच्या ऐवजी वाढवतो. यात ज्ञानाचा काही संबंध नाही, हा निव्वळ मांडणीचा गोंधळ आहे. सुदैवाने कळा बदलून घेता येतात, आणि वर्गात दोन्ही खेळ असतील तर शिक्षकाने त्या आधी एकसारख्या करून ठेवाव्यात.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. दांडी आणि कळ या दोन वस्तू दिसतात तितक्या समान नाहीत. दांडी जिथे ठेवाल तिथे राहते, आणि ती कुठे आहे हे हाताला न पाहता कळते. कळ फक्त 'वाढव' किंवा 'घटव' म्हणते. किती वाढले हे बोटाला ठाऊक नसते, ते पडद्यावर वाचावे लागते. गणिताच्या अंगाने पाहिले तर फरक आणखी ठळक होतो. कळ किती वेळ दाबली यावरून दांडीची जागा ठरते, हे एक संकलन. दांडीच्या जागेवरून बल आणि म्हणून त्वरण ठरते. त्वरणाचे संकलन वेग, वेगाचे संकलन अंतर. म्हणजे फलाटावर नेमके थांबायचे ध्येय आणि बोट यांच्यामध्ये तीन संकलने उभी आहेत. खऱ्या दांडीत दोनच असतात. हात आणि परिणाम यांच्यामध्ये जितकी संकलने अधिक, तितके नियंत्रण अवघड, हा नियंत्रणशास्त्रातला जुना अनुभव आहे. नवशिका मुलगा फलाट ओलांडून पुढे जातो, मग घाबरून फार आधी थांबतो, मग पुन्हा पुढे जातो. याला आपण धांदरटपणा म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा तो त्या जादाच्या संकलनाचा परिणाम असतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे. संकलन म्हणजे केवळ वक्राखालचे क्षेत्रफळ नव्हे, हे त्यांना बोटाने कळेल.

मात्र टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या गाड्यांत हा आक्षेप बराच गळून पडतो. आपल्याकडच्या जुन्या डिझेल इंजिनांत, उदाहरणार्थ डब्ल्यूडीएम-२ मध्ये, थ्रॉटलला आठ नॉच असतात. एक दाब म्हणजे एक नॉच असे असेल तर मुलगा दाब मोजतो, आणि संकलनाची जागा साधी बेरीज घेते. गंमत अशी की टॅप-चेंजरच्या विद्युत इंजिनांत, म्हणजे आपल्या अनेक एक्स्प्रेस गाड्या वर्षानुवर्षे ओढणाऱ्या डब्ल्यूएपी-४ सारख्या इंजिनांत, खरा दांडाच जवळजवळ कळेसारखा वागतो. तो 'अधिक'कडे नेला की एक टप्पा चढतो आणि सोडला की मधल्या जागी परततो. असे बत्तीस टप्पे. इथे कळफलक खऱ्या यंत्राशी अधिक प्रामाणिक आहे, आणि महागडी दांडी आणून जोडली तर उलट खोटेपणा येईल! जपानी गाड्यांतही शक्ती आणि ब्रेक दोन्ही ठरावीक टप्प्यांचे असल्यामुळे त्या कळफलकावर फार स्वाभाविक वाटतात. तेव्हा 'कळफलक वाईट, दांडी चांगली' असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. कोणते इंजिन, हे आधी विचारायला हवे. वाफेच्या इंजिनाचे हाल मात्र पाहवत नाहीत. तिथे 'डब्ल्यू' आणि 'एस' या त्याच कळा दिशेबरोबर सिलिंडरात वाफ किती वेळ सोडायची हेही ठरवतात. शिवाय कोळसा, पाणी, भट्टीचे दार यांच्या कळा वेगळ्या. ड्रायव्हर आणि फायरमन या दोन माणसांचे काम दोन हातांत कोंबले आहे. वर्गात ते टाळलेले बरे.

आता ब्रेककडे वळू, कारण माझ्या मते या खेळांची खरी परीक्षा तिथे आहे. गाडीखालून एक नळी शेवटच्या डब्यापर्यंत जाते. आपल्याकडे तिच्यात दर चौरस सेंटीमीटरला ५ किलोग्रॅम दाबाची हवा भरलेली असते. ब्रेक लावायचा म्हणजे या नळीतली हवा बाहेर सोडायची. दाब उतरला की प्रत्येक डब्याखालची झडप तिथल्या टाकीतली हवा ब्रेकच्या सिलिंडरात सोडते. नळी तुटली तरी गाडी आपोआप थांबते, ही या युक्तीची थोरवी. पण दाब उतरल्याची वार्ता नळीतून ध्वनीच्या वेगापेक्षा जलद जाऊ शकत नाही. अठ्ठावन्न बॉक्सएन वाघिणींची मालगाडी सहाशे मीटरहून लांब असते, म्हणजे शेवटच्या वाघिणीला बातमी कळायलाच दोन सेकंद लागतात. त्यानंतर सिलिंडर भरायचा. मालगाडीत त्याला अठरा ते तीस सेकंद, प्रवासी गाडीत तीन ते पाच सेकंद असा दंडक आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मालगाडी वीस सेकंदांत ३३३ मीटर पुढे गेलेली असते!

ओपन रेल्सची जमेची बाजू ही की ते प्रत्येक डब्यातील दाब वेगळा मोजते. एफ-५ ही कळ दाबून माहितीची पाने उघडली की त्यांतल्या एका पानावर डब्यागणिक दाब आकड्यांत दिसतात. कळ दाबली की पुढच्या डब्याचा आकडा आधी हलतो, मागच्यांचे नंतर. एवढे एक दृश्य वर्गाला दाखवता आले तरी सगळा खटाटोप सार्थकी लागला असे मी म्हणेन. याउलट नवशिक्यांसाठी जी 'सोपी' पद्धत या खेळांत दिलेली असते तिच्यात नेमका हाच भाग कापला जातो. कळ दाबली की गाडी मंदावते, सोडली की मोकळी होते. खेळ सुटसुटीत होतो, पण भौतिकी पातळ होते. मुलांना सोपे जावे म्हणून शिक्षक हाच पर्याय आधी निवडतात. तो निवडू नये.

आणीबाणीच्या ब्रेकसाठी मागे खोडायची कळ, म्हणजे बॅकस्पेस, नेमलेली आहे. ही निवड मला फारच खटकते. टंकलेखन करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बोटात ती कळ 'चूक पुसणारी' म्हणून मुरलेली असते. इथे ती पुसत काहीच नाही. नळीतली सगळी हवा सुटते, आणि लांब मालगाडीची नळी पुन्हा भरून ब्रेक सैल व्हायला कित्येक मिनिटे जातात. आणि या कळेनेही गाडी तिथल्या तिथे थांबत नाहीच. ताशी ८० किलोमीटरने येणारी मुंबईची लोकल घ्या. दर सेकंदाला वेग सेकंदास १ मीटरने कमी होतो असे उदारपणे धरले, तरी थांबायला साधारण २४७ मीटर लागतात, म्हणजे बारा डब्यांच्या लोकलच्या लांबीइतके. उपनगरी मार्गावर रूळ ओलांडताना दरवर्षी शेकड्यांनी माणसे मरतात. मोटरमनने पाहिले तर तो थांबवेल, असा एक भाबडा हिशेब त्यांतल्या पुष्कळांच्या मनात असणार. कल्याण-डोंबिवलीच्या शाळांत हा खेळ दाखवायचा असेल तर तो याच एका प्रयोगासाठी दाखवावा : रुळांवर एखादी खूण ठरवा, ती दिसताच बॅकस्पेस दाबा, आणि गाडी खुणेच्या किती पुढे जाऊन थांबते ते मोजा.

उताराचे उदाहरणही घेण्यासारखे आहे. कर्जत ते लोणावळा या भोर घाटात चढ ३७ स १ आहे. गुरुत्वाचा रुळांच्या दिशेचा घटक ९.८ भागिले ३७, म्हणजे सुमारे ०.२६५ मीटर प्रति सेकंद वर्ग. सपाटीवर ब्रेकने ०.५ इतके मंदन मिळत असेल तर घाट उतरताना ०.२३५ च उरते. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी सपाटीवर ६९ मीटरांत थांबेल, घाटात १४८ मीटर घेईल. खेळात कोणताही तीव्र उताराचा मार्ग निवडून ही तुलना करता येते. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण खेळातल्या गाडीचे गुणधर्म ती गाडी रचणाऱ्याने भरलेले असतात आणि सगळेच रचणारे सारखे काटेकोर नसतात. विद्यार्थ्यांना हेही सांगावे. प्रतिकृतीवरून काढलेला निष्कर्ष प्रतिकृतीइतकाच खरा.

कळफलकाला जे जमतच नाही तेही नोंदवले पाहिजे. लोकलच्या मोटरमनच्या हाताखाली 'डेड मॅन्स हॅण्डल' असतो. तो दाबून धरावा लागतो, आणि हात सुटला तर गाडी थांबते. कळफलकावर याचे प्रतिरूप म्हणून मधूनमधून एक कळ दाबायला लावतात. ते कानात गजर वाजल्यावर उठण्यासारखे आहे, सतत जागे राहण्यासारखे नव्हे. धक्का, कंप, कपलिंगचा ताण यांतले काही बोटापर्यंत पोचत नाही. मग खेळ ही उणीव आकड्यांनी भरून काढतो : पुढची वेगमर्यादा किती, सिग्नल किती मीटरवर, सगळे पडद्याच्या कोपऱ्यात. मुले बाहेर बघतच नाहीत, आकड्यांचा पाठलाग करतात. खऱ्या लोको पायलटला नव्या मार्गावर गाडी नेण्याआधी तो मार्ग शिकून घ्यावा लागतो, आणि सिग्नल दिसला की तो आणि त्याचा सहायक एकमेकांना मोठ्याने सांगतात.

ही रीत वर्गात उचलता येते. मार्गाची माहिती देणारी चौकट बंद करा, वेगमापक तेवढा ठेवा. एक विद्यार्थी कळांवर, दुसरा वेग आणि सिग्नल मोठ्याने वाचणारा, तिसरा घड्याळ घेऊन दर पाच सेकंदांनी नोंद करणारा. एका संगणकावर तिघे बसतात, हा आपल्या शाळांच्या दृष्टीने लहान फायदा नव्हे. पहिल्या दिवशी ब्रेकला हातच लावू नये. ताशी ६० पर्यंत वेग न्यावा, 'ए' दाबत शक्ती शून्यावर आणावी आणि सपाट रुळांवर गाडी आपोआप किती मंदावते ते टिपावे. आलेख काढला की वेग जास्त असताना रेघ अधिक तीव्र उतरलेली दिसेल. हवेचा विरोध वेगाबरोबर वाढतो हे त्यातून मुलांनीच सांगावे, आपण आधी सांगू नये. दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग अर्ध्या डब्यांनिशी करावा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत.