‘शून्य भांडवल’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

अल्प किंवा शून्य भांडवलात ऑनलाइन व्यवसाय कसा उभारावा, हे शिकविणारे लेखन मराठीत आता विपुल झाले आहे. समीक्षेने दखल घ्यावी असे त्यात काय आहे, असा प्रश्न काही सहकारी विचारतील. आपले पदव्युत्तर विद्यार्थी हे लेखन आपल्या व्याख्यानांपेक्षा अधिक श्रद्धेने वाचतात व त्यावर विसंबून घरचा पैसा घालतात, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

‘भांडवल’ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘भाण्ड’ शब्दाशी जोडला जातो. ‘भाण्ड’ म्हणजे पात्र. त्याचप्रमाणे व्यापाऱ्याचा मालही. म्हणजे स्वयंपाकघरातील भांडे आणि पेढीवरचे भांडवल ही एकाच कुळातील होत. प्रस्तुत लेखनातील शून्य हे नेमके हे नाते तोडून मिळविलेले आहे. घरी मसाला दळून तो व्हॉट्सॲपवरून विकणाऱ्या स्त्रीची भांडी, गॅस, मिक्सर, मोबाईल आणि दुपारचे तास यांपैकी काहीच जमेस धरावयाचे नाही; मग भांडवल शून्य ठरते. या व्यवहारास मराठीत ‘पदरमोड’ असा नेमका शब्द आहे. मी वाचलेल्या पुस्तिकांत तो एकदाही आढळला नाही.

परंतु या लेखनाची खरी किमया क्रियापदांत आहे. ‘पैसे मिळविणे’ आणि ‘पैसे मिळणे’ यांतील भेद आपण प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवितो. ‘मिळणे’ला कर्त्याचा प्रयत्न अभिप्रेत नाही, पाऊस पडावा तसे ‘घरबसल्या’ उत्पन्न मिळते. ‘व्यवसाय सुरू करता येतो’ या शक्यार्थक रचनेत ‘कोणाला’ या प्रश्नाचे उत्तर देणारे पद सर्रास गाळलेले असते. कोणाला करता येतो? ज्याच्या मोबाईलमध्ये ऐपतदार ओळखीचे तीनशे क्रमांक आहेत त्याला, की ‘कमवा व शिका’ योजनेवर दिवस काढणाऱ्या वसतिगृहातील विद्यार्थ्याला? ओळख हेही भांडवलच, आणि ते वारशाने येते.

या लेखनाला काहीच आधार नाही, असे मात्र नव्हे. २०१६ मध्ये यूपीआय आले, २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आले. गाळ्याची पागडी, भाडे, पाटी हे खर्च अनेकांपुरते खरोखर टळले. ही माहिती जेथे साध्या भाषेत दिली आहे, ती पाने उपयुक्त आहेत. दोष त्यापुढील उदाहरणांत आहे. ॲमेझॉन गॅरेजमध्ये सुरू झाल्याची कथा हे लेखक आवडीने सांगतात. १९९५ मध्ये बेझोस यांच्या आईवडिलांनी त्यात सुमारे अडीच लाख डॉलर घातले, हे सांगत नाहीत. याउलट ‘लिज्जत’चे उदाहरण पाहावे. १९५९ मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी पापडाचा उद्योग आरंभिला तो उसन्या ८० रुपयांवर. त्या कथेत रक्कम आहे, ती उसनी असल्याचा उल्लेख आहे. म्हणूनच ती विश्वसनीय वाटते.

कायद्याच्या अंगाकडे तर बहुतेकांनी पाठच फिरविली आहे. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ई-कॉमर्स मंचावरून वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीतून सूट मिळाली, पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरती व अटींसह. बेळगावच्या मावशीला मंचावरून मसाला पाठविताच कोल्हापूरचा विक्रेता त्या सवलतीबाहेर जातो.

आता हिशेब. समजा, पाव किलो मसाल्याची किंमत १५० रुपये ठेविली. कच्चा माल ७५, पिशवी व लेबल ८, कुरिअर ४५, उरले २२. दहा पुड्यांना चार तास लागले, तर तासाला ५५ रुपये पडतात. दहांपैकी एकच पुडी ग्राहकाने नाकारली, तर नऊ पुड्यांचे १,३५० येतात, खर्च १,२८० झालेलाच असतो. उरतात ७०, म्हणजे तासाला साडेसतरा. परतीचे कुरिअर यात धरलेलेच नाही. पुस्तिकांतील नमुना-हिशेबात पुडीमागचे ते २२ रुपये ‘नफा’ या सदराखाली येतात. ‘मजुरी’ असे सदर त्यांत नसते.