डार्क साइड ऑफ द मून, द
पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाची युगप्रवर्तक दीर्घवादन ध्वनिमुद्रिका. लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहात ती १९७२-७३ मध्ये सिद्ध झाली व मार्च १९७३ मध्ये प्रकाशित झाली. रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिलमोर, रिचर्ड राइट व निक मेसन हे तिचे कर्ते. काळ, पैसा, मृत्यू, कलह व चित्तभ्रम ही माणसाला ग्रासणारी दडपणे हा तिचा विषय होय. वृंदाचा आरंभीचा प्रमुख गीतकार सिड बॅरेट मानसिक अस्वास्थ्यामुळे १९६८ मध्ये वृंदापासून दुरावला. त्याची छाया अखेरच्या गीतांवर जाणवते.

सर्व गीते वॉटर्सची असून त्यांची भाषा साधी, क्वचित सपाटही आहे. केवळ वाचली, तर ती फारशी प्रभावी वाटत नाहीत. या कृतीचे सामर्थ्य ध्वनिरचनेत आहे. हृदयाच्या ठोक्यांनी आरंभ होऊन त्याच ठोक्यांत ती विरते. सु. ४३ मिनिटांच्या या प्रवाहात मध्ये खंड पडतो, तो केवळ तबकडी उलटण्यापुरता. ‘मनी’ या गीताच्या आरंभी नाण्यांचा व गल्लायंत्राचा आवाज फितीचे तुकडे जोडून सात मात्रांच्या आवर्तनात बसविला आहे. रूपक तालाशी परिचित असलेल्या श्रोत्याला त्याचे नवल वाटणार नाही; परंतु चार मात्रांत रुळलेल्या रॉक संगीतात ही चाल असाधारण होती. गिटारवादन सुरू होताच रचना चार मात्रांवर येते आणि तो सुटकेचा अनुभव विलक्षण आहे. ‘टाइम’मधील घड्याळांचा कल्लोळ ॲलन पार्सन्स या ध्वनितंत्रज्ञाने आधीच मुद्रित करून ठेवला होता.

अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत ती अग्रस्थानी केवळ एक आठवडा होती, मात्र १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे ती यादीत राहिली. धनलोभाचा उपहास करणाऱ्या गीतामुळेच वृंदाला अमेरिकेत अमाप धन मिळाले. काळ्या पार्श्वभूमीवरील लोलक व त्यातून फाकणारे सहा रंग हे हिप्नोसिस या संस्थेचे वेष्टनचित्र संगीत न ऐकलेल्यांनाही परिचित झाले. अशा दीर्घ, सुघटित रचनांविरुद्ध १९७६ च्या सुमारास पंक संगीताने बंड पुकारले. त्या बंडाला या ध्वनिमुद्रिकेचे यशही अंशतः कारणीभूत होते.

कर्तृत्वाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या मृत्युविषयक रचनेतील शब्दहीन आलापी क्लेअर टॉरी या गायिकेची आहे. ठरीव स्वररचना हाती नसताना तिने ती उत्स्फूर्तपणे गायिली आणि त्यासाठी तिला ३० पौंड मिळाले. संपूर्ण ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत उत्कट क्षण हाच होय. तरीही रचनाकार म्हणून नाव एकट्या राइटचे होते. टॉरीने २००४ मध्ये दावा दाखल केला. २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत राइटसमवेत तिचेही नाव छापले जाऊ लागले.